भुईआवळी, ऑस्ट्रेलिया अँटिजेन आणि काविळीचे चार प्रश्न

गेल्या अंकात बरूच ब्लमबर्ग या अमेरिकी संशोधकाच्या ‘हिपॅटायटिस बी’ या यकृताच्या विषाणूजन्य आजारावरील कामाची ओळख करून देणारा लेख छापला होता. त्यावर नाशिक आणि जवळपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. विषय आजाराचा असल्यामुळे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि काही पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. परंतु त्यातील प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून ते तसेच राहू दिले.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने रक्तदान केले, तेव्हा त्याला हिपॅटायटिस बी असल्याचे कळले. जुन्या पद्धतीच्या त्या रिपोर्टवर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन : पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. त्याला त्रास काहीच नाही. आमचे मामा बुधवारी गंगेवरच्या (गोदावरीकाठच्या) बाजारातून भुईआवळीची जुडी आणतात आणि त्याला रोज सकाळी रस काढून देतात. माझ्या पुतण्याने मोबाइलवर शोधून दाखवले, की आपण ज्यांच्यावर लेख छापला त्याच ब्लमबर्ग यांनी भुईआवळीने हा विषाणू जातो असे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. मग आमचे डॉक्टर हे औषध का देत नाहीत? नोबेल मिळालेल्या माणसाचे खरे मानावे, की डॉक्टरांचे? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आपल्या पुतण्याने दाखवलेला निबंध खरा आहे, ती कुणी उठवलेली आवई नाही. मद्रासमधील एस. पी. त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लमबर्ग यांच्यासह १९८८ साली तो ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यक साप्ताहिकात प्रसिद्ध केला. विषाणू रक्तात असूनही जे आजारी दिसत नाहीत, ज्यांना आपण वाहक म्हणतो, अशा माणसांना वाळवलेल्या भुईआवळीची २०० मिलिग्रॅम भुकटी दिवसातून तीन वेळा, अशी ३० दिवस देण्यात आली, तर दुसऱ्या गटाला औषध नसलेली कॅप्सूल देण्यात आली. भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे संसर्गाची खूण असलेले विषाणूच्या आवरणाचे प्रथिन, नाहीसे झाले. दुसऱ्या गटातील २३ जणांपैकी फक्त एकाच्या. प्रौढ वाहकाच्या शरीरातून हे अँटिजेन आपणहून जाण्याचे प्रमाण वर्षाला शंभरांत एखाद-दुसरे इतकेच असते. ते महिनाभरात निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तातून दिसेनासे झाले, ही बातमी गाजली नसती तरच नवल.

या निबंधाला प्रयोगशाळेतील कामाचा आधारही होता. अमेरिकेत वुडचक नावाचा खारीच्या कुळातील एक प्राणी आढळतो आणि त्याच्या यकृतात हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद राहतो. भुईआवळीच्या अर्काने या प्राण्याच्या रक्तातील विषाणू कमी होतो, असे ब्लमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले होते. गंमत अशी, की त्या निबंधात एका जातीची म्हणून नोंदवलेली वनस्पती नंतर तिच्याच कुळातील दुसऱ्या जातीची ठरली, कारण या जाती दिसायला फार सारख्या असतात. वनस्पती ओळखण्यात प्रयोगशाळेची इतकी तारांबळ उडत असेल, तर बाजारातील जुडीत नेमके काय बांधलेले आहे याची खात्री आपल्या मामांनी कशी करावी, हा विचार येथे केलेला बरा.

आता मुख्य मुद्दा. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही, की एका वर्षी एका प्लॉटवर एका फवारणीने भुरी आटोक्यात आली म्हणून ते औषध लागू पडले असे होत नाही. त्या वर्षी हवाच कोरडी असेल, शेजारच्या प्लॉटची छाटणी वेगळ्या तारखेची असेल. तो दुसऱ्या हंगामाची वाट पाहतो, दुसऱ्या गावच्या बागेत विचारतो. वैद्यकातही नेमके हेच करायचे असते, आणि भुईआवळीच्या बाबतीत ते केले गेले. थायलंडमधील संशोधकांनी वाहकांना भुईआवळी देऊन पाहिली आणि तिने अँटिजेन जात नाही, असा निष्कर्ष १९९० साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये छापला. वनस्पतीची जात, जमीन किंवा काढणीचा हंगाम यांमुळे फरक पडला असेल, असे त्यावर सुचवले गेले, आणि ही शंका रास्त होती. परंतु पुढे अनेक ठिकाणी चाचण्या होऊनही मद्रासचा निकाल कुणाच्याही हाती खात्रीने पुन्हा लागला नाही. या सर्व चाचण्या एकत्र ठेवून २०११ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानेही भुईआवळीच्या बाजूने पटण्याजोगा पुरावा नसल्याचे नमूद केले. मद्रासच्या संशोधकांनी खोटे लिहिले असा याचा अर्थ नाही. साठ माणसांवरील चाचणीत जे दिसले ते त्यांनी छापले, आणि इतरांनी ते तपासून पाहावे यासाठीच छापले.

राहिला नोबेलचा प्रश्न. ते पारितोषिक ब्लमबर्ग यांना १९७६ साली मिळाले, म्हणजे भुईआवळीच्या निबंधाच्या १२ वर्षे आधी, आणि ते मुख्यतः ऑस्ट्रेलिया अँटिजेनच्या कामासाठी होते. त्या कामाचा इतिहास आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा चांगले देतो. ब्लमबर्ग काविळीवर संशोधन करीत नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक फरक कसे असतात, हा त्यांचा विषय होता. अनेकदा रक्त भरलेल्या एका हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाची, जगभरातून गोळा केलेल्या नमुन्यांशी प्रतिक्रिया पाहत असताना १९६३ साली ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या सीरमशी ती जुळली. आपल्या भावाच्या रिपोर्टवर ऑस्ट्रेलियाचे नाव आले ते यामुळे. भावाचा त्या देशाशी काही संबंध जोडण्याचे कारण नाही. (एका वाचकाने ‘परदेशवारी न करता हा रोग कसा झाला’ असे मला खरोखरच विचारले होते.) हे अँटिजेन रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत जास्त सापडले, म्हणून १९६५ सालच्या त्यांच्या पहिल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘ल्युकेमिया’ हा शब्द होता. तो अंदाज चुकला. डाउन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात आधी नसलेले अँटिजेन पुढच्या तपासणीत सापडले आणि त्याच सुमारास त्याला यकृतदाह, म्हणजेच हिपॅटायटिस, झाल्याचे आढळले. तेव्हा हा आनुवंशिक गुण नसून संसर्ग असावा, हे लक्षात आले. १९६७ साली त्यांनी स्वतःच्याच निबंधात अँटिजेनचा संबंध हिपॅटायटिसशी जोडला, आणि टोकियो व न्यूयॉर्क येथील इतर संशोधकांच्या कामाने तो पक्का झाला. पहिला निबंध आणि पुढचा निबंध दोन्ही एकाच माणसाचे. विश्वास बसला तो दुसऱ्यावर, कारण तो इतरांच्या तपासणीत टिकला.

टिकलेल्या कामातून काय निघाले, तेही सांगितले पाहिजे. अँटिजेनचे कण रक्तद्रवातून वेगळे करून लस बनवण्याची पद्धत ब्लमबर्ग आणि आयर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये मांडली; तशी लस अमेरिकेत १९८१ साली मान्य झाली, आणि १९८६ पासून रक्ताऐवजी यीस्टमध्ये तयार केलेली लस आली. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना ही लस देण्यास आरंभ केला. तेथील ६ ते १४ वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१ ते १९८६ या काळात लाखात ०.७० होते, ते १९९० ते १९९४ या काळात ०.३६ वर आल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. लसीने कर्करोग टळतो हे माणसांत दिसलेले ते पहिले मोठे उदाहरण.

आपल्या भावाने काय करावे? भुईआवळीच्या रसाने मोठा अपाय होईल असे मी म्हणत नाही. अपाय होतो तो ‘औषध चालू आहे’ या समाधानात तपासणी राहून गेल्याने. रक्तातील अँटिजेन सहा महिन्यांनंतरही टिकून असेल तर संसर्ग जुनाट समजतात. त्यानंतर विषाणूची मोजणी, ‘ई’ अँटिजेन (हिपॅटायटिस ईशी याचा संबंध नाही), एसजीपीटी ही यकृताच्या इजेची रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि शक्य असल्यास यकृताचा कडकपणा मोजणारे फायब्रोस्कॅन यांवरून औषध लागेल की नुसते लक्ष ठेवायचे, हे ठरते. औषध लागलेच तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोज एक गोळी असते. ती विषाणूला दाबून ठेवते, आणि मनाने बंद केली तर आजार उसळू शकतो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत, तेव्हा खर्चाच्या धास्तीने थांबू नये. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. (२८ जुलै हा ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस, जागतिक हिपॅटायटिस दिनही त्याच तारखेला असतो.) दारू पूर्ण बंद. घरातील इतरांची तपासणी करून ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस द्यावी. आणि मामा रस देत असतील, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

प्रश्न : मुलीचे लग्न ठरले असून दिवाळीनंतरचा मुहूर्त काढला आहे. मुलाने स्वतःहून सांगितले, की त्याला हिपॅटायटिस बी आहे. आमच्या नातेवाइकांचे म्हणणे आहे की असे घर नको, एका ताटात जेवले तरी लागण होते. काय करावे? (सिन्नर)

उत्तर : एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा जवळ बसल्याने हा आजार होत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. म्हणूनच दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि सुई कुणाचीही वापरू नये. आपल्या मुलीची तपासणी करावी, आणि संसर्ग नसेल तर शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांची लस आजच सुरू करावी. शेवटच्या मात्रेनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून ती दहाच्या वर असल्याची खात्री करून घ्यावी, आणि तोवर निरोध वापरावा. सहा महिन्यांचा हिशेब पाहता मुहूर्त थोडा पुढे गेला तरी हरकत नसावी, पण तो निर्णय आपला. मुलाचीही वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण तपासणी व्हायला हवी. लग्न मोडण्याचे वैद्यकीय कारण मला दिसत नाही. उलट, जो मुलगा ही गोष्ट विचारल्याशिवाय सांगतो, त्याच्याविषयी माझे मत चांगलेच होते.

प्रश्न : सुनेला सातवा महिना चालू आहे. आठवडाभर तिला मळमळ होती, आता डोळे पिवळे झाले आहेत. माझ्या माहेरच्या गावी काविळीची माळ घालतात. माळ जसजशी लांब होते तशी कावीळ उतरते. हातावर चुन्याचे पाणी टाकले की पिवळे पाणी निघते, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलगा म्हणतो दवाखान्यात दाखवू. पंधरा दिवस माळ घालून पाहावी का? (पंचवटी)

उत्तर : हे पत्र हाती पडले त्याच दिवशी आपल्याला फोन केला, कारण पुढच्या अंकाची वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नव्हती. सूनबाई आता रुग्णालयातून घरी आल्याचे आपण कळवले, त्याचा आनंद आहे. येथे छापतो आहे ते इतर घरांसाठी. गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत कावीळ झाली, तर पंधरा दिवस काय, एक दिवसही घरी थांबू नये.

याचे कारण हिपॅटायटिस ई हा विषाणू. तो मैला मिसळलेल्या पाण्यातून येतो, आणि त्याची ओळख पटण्यात आपल्या देशातील कामाचा मोठा वाटा आहे. दिल्लीत डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात काविळीची प्रचंड साथ आली होती; यमुनेचा प्रवाह बदलल्याने मैलापाण्याचा नाला पाणीपुरवठ्याच्या उपशापाशी येऊन मिळाला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरिन वाढवले होते, त्यामुळे टायफॉइडसारखे आजार वाढले नाहीत, पण कावीळ पसरली. ही साथ पाण्यातूनच पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूची, हिपॅटायटिस ‘ए’ची, आहे, असे पुढची कित्येक वर्षे सर्वांनी धरून चालले होते. ‘ए’चा विषाणू १९७३ साली दिसला, त्याच्या चाचण्या आल्या, आणि मग जपून ठेवलेले जुने नमुने बाहेर निघाले. दिल्लीच्या त्या साथीतील, १९७५-७६ च्या अहमदाबादमधील आणि १९७८ च्या पुण्यातील रुग्णांचे सीरम तपासल्यावर आढळले, की या लोकांना ‘ए’ची लागण पूर्वीच, बहुधा लहानपणी, होऊन गेली होती, आताची कावीळ वेगळ्याच विषाणूची होती; त्यालाच पुढे ‘ई’ हे नाव मिळाले. १९८० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या निबंधात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ सहलेखक होते. पंचवीस वर्षे कुणीतरी त्या बाटल्या नीट सांभाळल्या, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये मोहम्मद सुलतान खुरू हे तेथील साथीचा घरोघर जाऊन अभ्यास करीत होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील आकडे असे : २०८ गरोदर स्त्रियांपैकी ३६ जणींना कावीळ झाली, आणि त्या ३६ पैकी ८ जणींचे यकृत एकाएकी निकामी झाले. गरोदर नसलेल्या ज्या स्त्रियांना कावीळ झाली, त्यांच्यात एकीचेही यकृत असे निकामी झाले नाही. पुढे पुण्याच्याच संस्थेतील विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पाण्यातून आलेल्या काविळीच्या १७ साथी तपासल्या. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १६ साथी हिपॅटायटिस ईच्या निघाल्या. म्हणजे आपल्याकडे पाण्यातून काविळीची साथ आली, की आधी याच विषाणूचा संशय घ्यायचा, आणि गरोदर स्त्रीला याच विषाणूचा धोका सर्वांत जास्त.

माळेविषयी. त्या माळेत ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत आवळलेले असतात. काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी ती लांबेल. हातावरच्या पिवळ्या पाण्याचेही तसेच : आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी हाताला लागलेला असतो आणि चुन्याशी तो पिवळा होतो. बहुतेकांची कावीळ चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला जाते. माळ निदान गळ्याबाहेर असते. नाकात देवडांगरी या कडू वनौषधीचे थेंब टाकण्याचा प्रकार मात्र त्याहून वाईट, आणि गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर तो होताच कामा नये.

रुग्णालयात बिलिरुबिन (रक्तातील पिवळे द्रव्य) आणि एसजीपीटीबरोबर रक्त गोठण्याची चाचणी, म्हणजे पीटी-आयएनआर, करून घ्यावी; यकृत खचू लागले आहे हे ती लवकर सांगते. ए, बी आणि ई या तिन्हींच्या तपासण्या कराव्यात, कारण ‘बी’ निघाल्यास बाळाला जन्मापासून २४ तासांच्या आत लस आणि त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, द्यावे लागते. रुग्ण सारखी झोपू लागली, असंबद्ध बोलू लागली, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर मध्यरात्र असली तरी निघावे. हळद आणि तेल बंद करून उपाशी ठेवण्याची जी पथ्ये सांगितली जातात, त्यांना आधार नाही. तिला आणि बाळाला पुरेसे अन्न हवे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची किंवा दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नये.

प्रश्न : आमच्या गल्लीत चार दिवस नळाला गढूळ पाणी आले आणि लगेच दोन मुलांना कावीळ झाली. हे त्याच पाण्याने झाले ना? (सातपूर)

उत्तर : चार दिवसांत नाही. हिपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात, आणि ‘ई’ला सरासरी पाच ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे गल्लीत रुग्ण दिसू लागल्यावर महिना-दीड महिन्यापूर्वी कुठे जलवाहिनी फुटली होती, कुठे रस्ता खणला होता, कुणाच्या लग्नात सर्वांनी पाणी प्यायले होते, हे आठवावे लागते. लोक मात्र कालच्या रसवंतीला दोष देऊन मोकळे होतात. आपल्या मुलांना ‘ए’ असण्याची शक्यता अधिक, कारण ‘ई’ची कावीळ मुख्यतः तरुणांत आणि प्रौढांत दिसते, पण खात्री रक्ताच्या तपासणीनेच होईल. आताचे गढूळ पाणी मात्र सोडून देण्यासारखे नाही. त्याचा परिणाम दिसायचा असेल तर तो पुढच्या महिन्यात दिसेल. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आजच लेखी तक्रार द्यावी, तारीख घालून तिची पोच घ्यावी, आणि पाणी स्वच्छ येऊ लागल्यानंतरही काही दिवस ते खळखळून उकळूनच प्यावे.